नागपूरच्या तारेवरचा माणूस

दत्तात्रय मुजुमदार कलकत्त्याला बदलून आले, तेव्हा पहिली पंचाईत केली ती त्यांच्या आडनावानेच. मुजुमदार म्हणजे बंगाली, हे त्या शहरात ठरलेलं. दूधवाला, ट्रामचा कंडक्टर, घरमालक, जो तो त्यांच्याशी फडाफड बंगालीत सुरू व्हायचा, आणि हा सदाशिव पेठेत वाढलेला गृहस्थ चेहऱ्यावर समजल्याचा भाव आणून मान डोलवायचा. त्या मान डोलवण्यापायी त्यांच्या घरी दोनदा भलतेच मासे येऊन पडले. त्यांच्या बायकोने, मंदाकिनीबाईने, ते नाकाला पदर लावून परत पाठवले आणि तेव्हापासून बाजारहाट स्वतःच्या हातात घेतला. तिला दोन महिन्यांत बंगाली येऊ लागलं. दत्तोपंतांना आठ-नऊ वर्षांनीसुद्धा जेमतेमच येत होतं.

स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही बदली. भवानीपुरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. मुलगी हेमा तिथेच जन्मली आणि दोन भाषांची मिसळ बोलत मोठी झाली. दत्तोपंत शहरातल्या एका तारघरात सिग्नलर होते, म्हणजे गावोगावच्या तारा कानाने ऐकून कागदावर उतरवायच्या आणि इकडच्या तारा हाताने वाजवून तिकडे पाठवायच्या.

त्या तारघराचा हॉल म्हणजे एक प्रकरणच होतं. लांबच लांब टेबलं आणि प्रत्येक टेबलावर पितळेचा एकेक साउंडर. दुसऱ्या गावच्या माणसाने बटण दाबलं की इकडे साउंडरची दांडी खाली आपटायची, त्याने सोडलं की वर आपटायची. त्या दोन आपटण्यांमधला वेळ किती लहान, किती मोठा, यावरून अक्षर ओळखायचं. एक साउंडर असता तर कोणीही शिकला असता. इथे पन्नासेक साउंडर एकदम कट्ट-कडकट्ट करत असायचे. शेजारी पाटणा, पाठीमागे गोहाटी, समोर मद्रास. नवीन माणूस आठवडाभर डोकं धरून बसायचा. मग एक दिवस काय व्हायचं कोण जाणे, त्याच्या टेबलावरचा आवाज पुढे यायचा आणि बाकीचे मागे सरायचे. ते कसं झालं हे कोणालाच सांगता येत नसे. दत्तोपंतांनाही येत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारही केला नव्हता.

त्यांच्या टेबलावर नागपूरची तार होती. त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला गजानन वाडेगावकर नावाचा माणूस बसायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण दुपारी काम जरा ओसरलं की गप्पा सुरू व्हायच्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. तारेवर एकेक अक्षर मनगटाने वाजवायचं असतं, तिथे अहो-जाहो करायला सवड कोणाला? त्यामुळे ऑफिसच्या शिपायालाही 'आपण' म्हणणारे दत्तोपंत तारेवर नुसते 'दत्तू' झाले होते आणि वाडेगावकर नुसता 'गजा'. वाडेगावकर सकाळी तार उघडल्या उघडल्या विचारायचा, "काय करून राहिला बे?" हे असं बोलणं समोरासमोर कोणी केलं असतं तर पंतांनी त्याला दारातून परत पाठवलं असतं. तारेवर मात्र ते ऐकल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

आणि हे 'ऐकणं' अगदी खरं होतं. बटण दाबायची प्रत्येकाची एक लकब असते, तारवाले तिला हात म्हणतात. वाडेगावकरचा हात जरा लंगडा होता. शब्दाचं शेवटचं अक्षर तो किंचित ओढायचा. रजेवर असला आणि जागी दुसरा बसला तर पंतांना पहिल्या शब्दाला कळायचं. वाडेगावकरची बायको वारली तेव्हा तो कामावर लगेच हजर झाला आणि कोणाला काही बोलला नाही. पंतांनी त्याच्या हातावरून ओळखलं आणि विचारलं. नागपूरच्या तारघरात शेजारी बसणाऱ्यांना जे कळलं नाही ते कलकत्त्यात कळलं, म्हणून वाडेगावकर त्या दिवशी तारेवर रडला. तारेवर रडतात कसं, ते तारवाल्यांनाच विचारा.

आता दत्तोपंतांचा एक मोठा दोष. माणूस तापट. भाजीत मीठ कमी पडलं, ट्राम चुकली, खालच्या मजल्यावर ग्रामोफोन वाजला, कशानेही त्यांचा पारा चढायचा. त्यांचे थोरले बंधू श्यामराव असेच तापट, आणि ते ऐन उमेदीत पक्षाघाताने गेले होते. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात पंतांना एकदा भोवळ आली आणि गल्लीतल्या डॉक्टर सान्यालांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. लगेच पुन्हा एकदा पाहिला. मग त्यांनी सर्पगंधाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या मुळीची अलीकडे साऱ्या जगात वाहवा चालली आहे, दाबही उतरतो आणि डोकंही शांत होतं, असं सांगितलं.

मंदाकिनीबाईला हे पुरेसं वाटलं नाही. डॉक्टरी औषध उष्ण पडतं, त्याच्या जोडीला वैद्याचं काहीतरी हवंच, अशी तिची आईपासून चालत आलेली समजूत. खालच्या प्रेमलतादीदी तिला बेहाला भागातल्या आपल्या कविराजांकडे, म्हणजे तिकडच्या वैद्यांकडे, घेऊन गेल्या. कविराजांनी लक्षणं ऐकून मातकट रंगाच्या पुड्या बांधून दिल्या, संध्याकाळी दुधातून घ्यायच्या. पुडीत काय आहे हे तिने विचारलं नाही. डॉक्टरला वैद्याचं सांगायचं नाही आणि वैद्याला डॉक्टरचं, हा आपल्याकडचा शिष्टाचारच आहे, आणि तो मुजुमदारांच्या घरी अगदी काटेकोर पाळला गेला.

गुण आला, आणि असा आला की बाई देवापुढे साखर ठेवती झाली. पंत शांत झाले. आमटी खारट झाली तरी मुकाट्याने जेवले. ग्रामोफोन वाजत राहिला आणि ते पेपर वाचत राहिले. नाक तेवढं सारखं चोंदायचं, पण त्याला वाफारा होता. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा घरात मोकळेपणी भांडं आपटता आलं. ती सुखावली होती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा हेमाच्या लक्षात आलं. ती आईला म्हणाली, "मी बाबांना केव्हाची डाकते आहे, ते बघतात पण ऐकत नाहीत." बंगालीत हाक मारण्याला डाकणं म्हणतात, ते तिच्या मराठीत येऊन बसलेलं. आईने तिला गप्प केलं, बाबांना दमायला होतं म्हणाली.

तारघरात ते लपण्यासारखं नव्हतं. दत्तोपंतांना सगळं ऐकू येत होतं, अडचण तीच होती. नागपूर ऐकू येत होतं, पाटणा ऐकू येत होतं, पंख्याची घरघर आणि कोणाचं तरी खोकणं ऐकू येत होतं, आणि सगळं एकाच तोलाचं. पूर्वी नागपूरचा आवाज पुढे यायचा, आता कोणीच पुढे येईना आणि कोणी मागे सरेना. ते कान देऊन बसायचे, कपाळाला आठ्या घालायचे, पण कान द्यायचा म्हणजे काय करायचं हेच त्यांना आठवेना. एके दिवशी नागपूरहून आलेल्या लग्नाच्या तारेत त्यांनी पाटण्याच्या व्यापाऱ्याचा मजकूर मिसळून टाकला. वराकडची मंडळी जवसाच्या चाळीस पोत्यांसह येत आहेत असं त्या वधुपित्याला कळलं. तो गृहस्थ विनोदी होता म्हणून निभावलं. हॉलमध्ये दिवसभर हसणं चाललं. दत्तोपंतही हसले, कारण त्यांना वाईट वाटायला हवं होतं ते वाटतच नव्हतं, आणि याचीच त्यांना जरा भीती वाटली.

त्याच आठवड्यात, दुपारच्या निवांत वेळी, नागपूरहून विचारणा आली. "कोण आहे तिकडे? दत्तूला बोलाव."

पंतांनी अक्षर अक्षर जुळवून ती समजून घेतली. मग उत्तर वाजवलं, "मीच आहे."

पलीकडच्याने तो हात ऐकला. मग आलं, "हा हात दत्तूचा नाही. तो बरा आहे ना?"

दत्तोपंतांनी बटणावरचं बोट उचललं. आपला हात बदललाय हे त्यांना माहीत नव्हतं. आणि विचारणारा वाडेगावकर होता की त्याच्या जागी बसलेला दुसरा कोणी, हे त्यांनाही ओळखता आलं नव्हतं. त्यांनी रजा लिहून दिली आणि घरी आले.

कानाच्या डॉक्टरांनी नळ्या घातल्या, कानाशी धातूचा काटा वाजवून पाहिला आणि कान तरण्या पोराचे आहेत असं सांगितलं. तेव्हा दोघं नवरा-बायको पुन्हा सान्यालांकडे गेली. सान्यालांनी आणखी काही औषध घेता का म्हणून विचारलं. पंत नाही म्हणाले. मंदाकिनीबाईने मात्र पर्समधून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी चिमूटभर पूड जिभेवर टाकली, तोंड कडू केलं आणि बेहालाच्या कविराजांचं नाव विचारलं. मुळी तीच होती, सर्पगंधाची. सकाळी गोळीतून आणि संध्याकाळी दुधातून पंत एकच औषध दुप्पट घेत होते.

सान्याल रागावले नाहीत. त्यांनी हिंदी, बंगाली आणि इंग्रजी अशी खिचडी करत, दोघांना कळेल असं समजावून दिलं. मेंदूतल्या शिरा एकमेकींशी बोलतात त्या फार थोड्याशा रसायनांच्या आधाराने. सर्पगंधा ती रसायनं आटवते, असं परदेशातल्या शास्त्रज्ञांना नुकतंच आढळलं होतं. त्यानेच राग निवतो, त्यानेच दाबही उतरतो. ऐकणंही त्यानेच बिघडतं का हे अजून कोणी नीट तपासलेलं नाही, पण पंतांकडे पाहून आपला अंदाज तसा आहे, असं ते म्हणाले.

"कान तुमचे ठणठणीत आहेत, मुजुमदारबाबू. पण कानांनी आणलेल्या ढिगातून हवा तो आवाज निवडायचा मेंदूने. त्या निवडीला लागणारा मालमसालाच आम्ही आटवला, मी आणि कविराज मिळून."

सगळंच बंद करायचं ठरलं, म्हणजे अंदाज खरा की खोटा ते कळेल. महिन्याभराने पाहू, आणि नंतर नुसती गोळी, कमी प्रमाणात, सुरू करू. मंदाकिनीबाई बाहेर आल्यावर रस्त्यातच रडायला लागली. पंतांनी तिला तू चांगल्यासाठीच केलंस म्हणून सांगितलं. त्यांच्या आवाजात ना राग होता ना माया, आणि त्यामुळे तिला आणखीच रडू आलं.

आधी राग परत आला, मग कान. भाद्रपदातल्या एका सकाळी पंत ताडकन उठले आणि जिन्यात जाऊन खाली ओरडले की तो ग्रामोफोन आधी बंद करा. मंदाकिनीबाई स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. नवरा ओरडला म्हणून आनंद व्हायची तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पुढे चार-सहा दिवसांनी ट्रामच्या खडखडाटातून आणि स्टोव्हच्या आवाजातून त्यांनी जिन्यावर पुटपुटणाऱ्या हेमाची कविता ऐकली आणि तिचा चुकलेला शब्द आतून सांगितला. ती धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडली.

पण त्याच पंधरवड्यात त्यांच्या नाकाचा घोळणा फुटला आणि थांबता थांबेना. दाब पुन्हा होता तिथे जाऊन बसला होता. सान्यालांनी हात जोडून सांगितलं की आता गोळी सुरू करा, अर्धीच करा, पण करा. दुसरं हमखास औषध त्या काळी नव्हतं. पंतांनी विचारलं, अर्ध्या गोळीने कान जाईल का? डॉक्टर खोटं बोलले नाहीत. मागच्याइतका नाही जाणार, पण त्या हॉलमध्ये बसण्याइतका राहीलच असं नाही, म्हणाले.

पंतांनी गोळी घेतली नाही. मंदाकिनीबाईने श्यामरावांची आठवण दिली, हेमाकडे बोट दाखवलं, अबोला धरला. ते एकच सांगत राहिले, दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर कामावर जायचंय, तार ऐकायचीय. खरं कारण ते बोलले नाहीत. नागपूरला त्यांना मेल्यात जमा केलं गेलं होतं, आणि मी आहे, मीच आहे, हे स्वतःच्या हाताने सांगायचं होतं. त्यासाठी मरण जवळ आलं तर येवो, इथपर्यंत त्यांची तयारी होती. असल्या हट्टाला शहाणपण म्हणत नाहीत, पण तो त्यांचा होता. बाई ती गोळ्यांची बाटली पर्समध्ये टाकून जिथे जाईल तिथे नेऊ लागली.

आणि पूजा सुरू झाली त्या षष्ठीच्या दिवशी वाडेगावकर स्वतःच दारात उभा राहिला. हातात वळकटी, चिवड्याचा डबा, डोक्यावर काळी टोपी, बारीक अंगाचा, लाजरा माणूस. तारघरातल्या कोणीतरी नागपूरच्या तारेवरून त्याला पत्ता दिला होता.

"आपणच मुजुमदार का?" त्याने विचारलं. "मी वाडेगावकर. आपल्याला त्रास तर नाही ना झाला?"

पंत म्हणाले, "छे छे, या ना. आपला प्रवास कसा झाला?"

पुढचे दिवस दोघांचे असेच गेले. आपण घ्या, तुम्ही आधी, राहू द्या हो. इतक्या वर्षांची दोस्ती, पण जिभेने एकमेकांना अरे म्हणायची ती सवयच नव्हती. दोघं काळीघाटाला जाऊन आले, मंडप पाहून आले, ढाक नावाच्या ढोलांच्या गजरात शेजारी शेजारी उभे राहिले, आणि हवापाण्यावर बोलले. पंतांना वाटलं, ज्याची वाट पाहत होतो तो आलाच नाही, त्याचा कोणी भाऊ आलाय. एकदा ते आंघोळीला गेले असताना मंदाकिनीबाईने पाहुण्याला गोळीची सगळी हकिकत सांगितली. माझं ऐकत नाहीत, तुम्ही तरी बोला, म्हणाली. त्याने मान हलवली. परतीच्या दिवसापर्यंत तो त्याविषयी एक अक्षर बोलला नाही. बाईला त्याचा रागच आला.

संध्याकाळच्या मेलला त्याला पोचवायला दोघं नवरा-बायको हावड्याला गेली. सुट्टीवरून परतणाऱ्यांची ही गर्दी उसळलेली. हमाल ओरडत होते, ट्रंका आपटत होत्या, इंजीन वाफ सोडत होतं, कोणाचं मूल टाहो फोडत होतं. वाडेगावकरला खिडकीची जागा मिळाली. तो गजांच्या आत, पंत बाहेर, आणि दोघांपाशी बोलायला काही नाही. येत चला, पंत म्हणाले. आपणही या एकदा, वाडेगावकर म्हणाला.

मग त्याने अंगठी घातलेलं बोट दोन गजांच्या मधे घातलं. एका गजावर टक्, दुसऱ्यावर टक्. साउंडरची दांडी खाली-वर आपटते तसं.

दत्तोपंत खिडकीकडे वाकले. सगळा प्लॅटफॉर्म मागे सरला. इंजीन होतं, हमाल होते, पण लांब, आणि त्या गर्दीतून एकच आवाज पुढे आला, थोडा लंगडा, शेवटचं अक्षर ओढणारा. गजा आला होता.

"दत्तू, गोळी घे बे."

पंतांनी खिडकीच्या चौकटीवर पेनाने उत्तर वाजवलं. हात आता त्यांचाच होता. "घेतली तर तू ऐकू येणार नाहीस."

"नाही आलो तरी चालते. तू राहायला पाहिजे."

शिट्टी झाली. गाडीला हिसका बसला. वाडेगावकरने दोन्ही हात जोडले आणि तोंडाने म्हणाला, "येतो हं, आपण काळजी घ्या." पंतांनीही हात जोडले. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

मंदाकिनीबाईला त्या टकटकीतलं काही कळलं नव्हतं. काय म्हणत होते ते, तिने विचारलं. पंत तिच्याकडे न वळताच म्हणाले, "गोळी आहे का गं तुझ्याजवळ?"

तिने घाईघाईने बाटली काढली, अर्धी गोळी मोडून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि नळावरून फिरकीच्या तांब्यात पाणी भरून आणलं. ते मूठ मिटून तसेच उभे राहिले. गाडीचा लाल दिवा वळणाआड गेला होता. मेलच्या चाकांचा आवाज त्या सगळ्या गोंगाटातून वेगळा काढून ते ऐकत होते, अगदी बारीक होऊन विरेपर्यंत. तो संपला तेव्हा त्यांनी मूठ उघडली आणि गोळी तोंडात टाकली.